शुक्रवारी वाजलेले लूम

आधीच सांगते, भुताखेतांवर आणि साक्षात्कारांवर माझा काडीचा विश्वास नाही. देवळात गेले तरी माझं अर्धं लक्ष बाहेर काढलेल्या चपलांवर असतं. त्यामुळे हे वाचून कुणी मला अंगारा-बिंगारा सुचवू नये... जे झालं ते सांगते, बस.

आमचं घर भिवंडीजवळ शेलारला. ऐंशीच्या दशकाचा शेवट. भातशेती होतीच, शिवाय वडिलांनी घरामागे पत्र्याची शेड बांधून पॉवरलूम टाकले होते. त्यांची विधवा बहीण, माझी आत्या, शेडच्या दारात बसून कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या रिळांवर सूत गुंडाळायची. आणि तिथूनच मला पळवायची! हो, माझी पहिली कोच तीच. मी शेडभोवती गोल गोल पळायचे आणि तिचं ओरडणं चालू, "अगो, लूम कसा चाललाय बग, तसा पाय टाक! म्हशीवानी काय चाललीस?"

त्यात आमचा एक नियम होता. लाईट कधीही जायची, आणि लाईट गेली की आजूबाजूचे सगळे लूम एका दमात गप्प. त्या क्षणी आत्या ओरडायची, "पल!" मग लाईट येईपर्यंत मी जीव खाऊन पळायचे. कधी कधी पार खाचरात आडवी पडले तरी मेली लाईट यायची नाही!

याच पळण्यावर मला अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीची स्कॉलरशिप मिळाली. घरात रणकंदन. माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलेलं ना! आत्या एकटी वडिलांपुढे उभी राहिली. "तिला जाऊ दे, दादा. मना कोनी पलू न्हाय दिलं."

तिकडे गेले आणि माझं टायमिंगच बिघडलं. थंडी, ते मिळमिळीत जेवण, आणि ती शांतता... बाई गं! वर्षभर मी मागेच. शेवटी कोचने स्पष्ट सांगितलं — पुढच्या क्रॉस-कंट्रीत पहिल्या पाचात आलीस तर स्कॉलरशिप राहील, नाहीतर घरी जा. घरी म्हणजे लग्न, आणि माझ्यासाठी भांडलेल्या आत्याची मान खाली.

रेस शुक्रवारी सकाळी होती. माझ्यासोबत माझी रूममेट, केनियाची. अर्ध्या वाटेतच मला दम लागला, सगळ्या पुढे निघून गेल्या. संपलं, म्हटलं.

आणि लूम ऐकू आले.

खटक्-खटक्, खटक्-खटक्... आमच्याच शेडचे. त्यातल्या एकाचा पट्टा सैल होता, तो अडखळायचा, त्या अडखळण्यासकट! पाय आपोआप त्या ठेक्यात बसले. एकेकीला मागे टाकत गेले. शेवटचा चढ लागायच्या बऱ्याच आधी आवाज एकदम बंद... मी विचारसुद्धा केला नाही, सुटलेच! कोच बोंबलत होता, "टू अर्ली! टू अर्ली!"

चौथी आले.

मागोमाग रूममेट आली. तिचा एक बूट चिखलात रुतून राहिला होता, तशीच अनवाणी पळाली होती बिचारी. धापा टाकत तिने पहिलं काय विचारावं? "ते मशीन कुठलं होतं? मध्येच बंद का झालं?"

मी वळून चौफेर पाहिलं. तिथे मैलोन्‌मैल मक्याची शेतं होती, कारखाना औषधालाही नव्हता.

दोन दिवसांनी शेजारच्या शेठच्या दुकानात फोन लावून घरच्यांना बोलावून घेतलं. वडिलांना विचारलं, शुक्रवारी आपल्याकडे लाईट गेली होती का? ते हसले, "अगो, शुक्रवारी लूमला सुट्टी न्हाय का? इतक्यात इसरलीस?" खरंच विसरले होते. त्या दिवशी आमच्या शेडला कुलूप होतं.

मग आत्या फोनवर आली. चौथी आले, स्कॉलरशिप राहिली, हे मी रडत रडतच सांगितलं. तीही रडली. मग नाक ओढत म्हणाली, "आनि ती तुज्या संगातली पोर गो... अनवानी पलली, तिचा पाय लय सोलला का?"

बुटाबद्दल मी घरी कुणालाच एक अक्षर बोलले नव्हते.

आत्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. खोदून खोदून विचारलं तरी "मना काय ठावं" म्हणून हसायची. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा, माझ्याकडे आजही नाही. त्या दिवशी फोनवर तर मला एवढंच सुचलं, "हो आत्या, सोलला थोडा. तू दिलेली हळद लावलीय तिला."