सोसायटीच्या संगणकाचं कुलूप
मुलांनो, झेंडूचा वास आला, की मला गिरगावातल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला एक दसरा आठवतो. निवडणुकीत माझ्याकडून हरलेल्या जुन्या सेक्रेटरींनी कारभार सोपवताना संगणकाची डिस्क लॉक करून ठेवली होती आणि पासवर्ड आठवत नाही म्हणाले होते. मी त्यांच्या दारात जाऊन विचारलं, तर हसून म्हणाले, "वहिनी, वय झालं माझं. आणि हे काय थालीपीठ आहे, तुम्हाला थापता यायला?" मी घरी आले, हिशेबाच्या प्रती ऑडिटरकडून आणल्या आणि तुमच्या आईकडून फोनवर शिकून घेतलं, की डिस्क सगळी पुसली तर पासवर्डशिवायही विंडोज नव्याने घालता येतं. दसऱ्याला पूजेसाठी सभासद जमले, संगणकापुढे हळदकुंकू, झेंडूची फुलं ठेवली गेली आणि मी काम सुरू केलं. डिस्क लॉक असल्याची सूचना पडद्यावर आली, तसे जुने सेक्रेटरी मागून म्हणाले, "झालं? आता काय करणार?" मी म्हणाले, "आता सगळं पुसणार." त्यांचा चेहरा उतरला. "थांबा वहिनी, माझी नाटकं आहेत त्यात, दुसरीकडे कुठेच नाहीत," म्हणत त्यांनी लांबलचक पासवर्ड न अडखळता घडाघडा सांगितला. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. "भावजी, माझंही वय झालं, ऐकू येत नाही," म्हणत मी बटण दाबलं. तुमची आई अजून म्हणते, नाटकं तरी वाचवायचीस. पण मुलांनो, ते जिन्यात भेटले, की मी आजही थांबून आपुलकीने विचारते, "सध्या नवीन काय लिहिताय?"