वाटीतलं काळीज

शेणव्याचा कुंडलिक अडाणी नव्हता, हे आधी सांगून टाकलेलं बरं. पुढचं ऐकून लोक पटकन म्हणतात, खेड्यातला माणूस, त्याला काय कळणार! त्याला सगळं कळत होतं. तेच तर वाईट झालं.

सत्तावीस वर्षं तो शेणवा ते शहापूर जीप चालवत होता. नऊ सीटांच्या गाडीत पंधरा माणसं, टपावर भाजीच्या पाट्या, मागे लटकलेली कॉलेजची पोरं, आणि याचा कान इंजिनाकडे. इंजिन मिसिंग मारायला लागलं की गॅरेजवाल्याच्या आधी याला समजायचं. घरी बायको शकू, म्हातारी आई लहानी, मुलगा ओमकार आणि धाकटी प्रियांका. थोडी भातशेती होती. संसार सरळ होता.

ओमकार पहिल्यांदा पडला तो कबड्डीच्या मैदानात, चढाई करून परतताना. कुणी नाकाशी चप्पल धरली, कुणी कांदा फोडला. दोन मिनिटांत पोरगा उठून बसला. फिट येते, असं ठरलं. आपल्याकडे आजारांची नावं जमलेल्या गर्दीच्या बहुमतानेच ठरतात. काळजाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली ती ठीक आली, म्हणून डॉक्टरांनीही फिटच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन वर्षं त्या खाऊन पोरगा सुस्तावला, आणि पडायचा तो पडतच राहिला.

शेवटी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्याला फिरत्या पट्ट्यावर पळवलं, तेव्हा चोर सापडला. बसलेलं असताना काळीज अगदी शहाणं. धावलं, दचकलं, घाबरलं की ठोके बेताल. दोष जन्माचा, बापाकडून आलेला. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. शकू आणि लहानी स्वच्छ. दोष कुंडलिकमध्ये निघाला, ज्याला आयुष्यात कधी साधी चक्कर आली नव्हती, आणि प्रियांकामध्ये निघाला.

"कारखाना माझाच," तो शकूला म्हणाला. "माझी गाडी चालली, पोरांच्या बंद पडायला लागल्या."

त्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रोशनी मॅडम होत्या, तिशी-पस्तिशीच्या. ओमकारने सही करून त्यांना रक्त दिलं. वर्षभराने त्यांनी बापलेकांना बोलावून पडद्यावर दाखवलं. चपट्या वाटीत गुलाबी पाणी, तळाशी पातळ साय, आणि ती साय ठोके देत होती.

"काका, रक्तातल्या पेशींना आम्ही मागे नेलं," मॅडम म्हणाल्या, "बाळ जन्मायच्याही आधी असतात तशा केल्या. मग त्यांना हृदयाच्या पेशी व्हायला लावलं. ओमकारचा जो दोष, तोच यांच्यात. आता ह्यात बघा, भीतीने अंगात जे सुटतं त्याचा थेंब टाकते."

थेंब पडला. ठोके धावले, अडखळले, दोन एकदम पडले, एक गळला.

"मिसिंग मारतंय," कुंडलिक म्हणाला.

मॅडम हसल्या. "अगदी तेच."

"म्हणजे गाडीतलं इंजिन काढलं नाय. त्याच्यासारखं दुसरं बनवून बाकड्यावर ठेवलंत, आणि ऑइल बदलून बघताय."

"माझ्या विद्यार्थ्यांना इतकं सोपं करून सांगता येत नाही हो मला."

हे वाक्य लक्षात ठेवायला हवं. दुसरं इंजिन, हे कुंडलिक स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता.

पहिलं औषध, जे या आजारात सगळ्यांना देतात, ते दोन्ही भावंडांना सुरू होतं. वाटीत ते अर्धवटच लागू पडलं. दुसरं होतं, पण तशाच दोषाच्या काही माणसांत ते उलटतं, म्हणून वाटीत बघितल्याशिवाय द्यायचं नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं. छातीत यंत्र बसवावं म्हटलं, तर यंत्राच्या झटक्याने रोगी घाबरतो, आणि घाबरणं हेच तर दुखणं. तेव्हा सगळी भिस्त त्या वाटीवर. ओमकारचा दोष तोच प्रियांकाचा, त्यामुळे एका वाटीत दोघांचा निकाल लागणार होता.

तेवढा वेळ ओमकारला मिळाला नाही. माघात शेजारच्या पेंढ्याच्या उडवीला आग लागली. धावायचं नाही, हे त्याला पाठ होतं. पण आग दिसल्यावर कोणाला पाठांतर आठवतं? हंडा घेऊन धावला आणि खळ्यातच पडला. चोवीस वर्षांचा.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे समोरच्या करंजावर बसलेले, पण एक खाली उतरेना. कुंडलिक हात जोडून म्हणाला, प्रियांकाचं शिक्षण पुरं करीन. कावळा हलला नाही. शकू म्हणाली, आजीला सांभाळीन. नाही. भाऊबंद आळीपाळीने वचनं देत राहिले. दोन तास उलटल्यावर भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि विधी उरकला.

परतताना लहानी मधेच थांबली.

"त्याचा जीव अडाकलाय."

"कशात, आये?"

"त्या वाटीत. मी बघितलाय ना. प्रियांकाने मोबायलवर दाखवलान. काळीज तिथं धकधक करतंय, मग पोर सुटंल कशी?"

ओमकारने पडद्यावरून काढून आणलेला तो व्हिडिओ प्रियांकाने आजीला का दाखवला होता? तिची भीती जावी म्हणून. बघ आजी, दादासाठी किती शोध चाललेत.

त्या दिवसापासून घर बिघडलं. शकू रोज सकाळी अंगणात घास ठेवायची, कावळा शिवेना, मग तीही जेवेना. गावभर झालं. जीपमध्ये बसलेल्या बायाही बोलायला लागल्या.

"कुंडलिकदादा, पोराला सोडवा रे. तळमळत ठेवू नये."

"गाडी चालवू दे गो, हिराबाई."

"चालव चालव. पोरगा तिथं टांगलेला, आनि बाप गिअर टाकतोय."

प्रियांका बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ती बापावर उखडली. "बाबा, ते दादाचं काळीज नाय. तुमीच मला सांगितलंत, दुसरं इंजिन. आणि आता त्यात दुसरं औषध घालून बघणार आहेत. ते माझ्यासाठी आहे."

"मला म्हायती आहे बाळा."

"मग आईला सांगा की!"

"आई आठ दिवस चहावर आहे. सांगून काय पोट भरतंय?"

तो मुंबईला गेला. चांगला शर्ट घालून, शहापूरला एकाकडून अर्ज लिहून घेऊन. 'कुटुंबीयांच्या इच्छेनुसार मयताच्या पेशींवरील काम बंद करावे व पेशी नष्ट कराव्यात.' रोशनी मॅडमनी अर्ज दोनदा वाचला.

"काका, काही चुकलं का आमचं?"

"नाय नाय. घरच्यांची इच्छा."

"अजून तीन आठवडे द्या. दुसऱ्या औषधाचे पहिले आकडे चांगले आहेत. प्रियांकासाठीच म्हणते मी."

"घरच्यांची इच्छा आहे मॅडम."

"गोठवलेल्या नळ्या तरी राहू देत?"

गोठवलेल्यात ठोका नसतो, हे त्याला कळत होतं. पण घरी विचारतील, सगळं बंद केलं का, आणि खोटं बोलायची त्याला तेव्हा सवय नव्हती. "सगळंच," तो म्हणाला.

कावळ्याचा शब्द त्याने काढला नाही. लाज वाटली. इंजिनाची उपमा देऊन ज्या बाईची शाबासकी मिळवली, तिच्यासमोर कावळ्याचं नाव कसं घ्यायचं? घेतलं असतं तर ती हसली नसती. कदाचित शेणव्याला येऊन शकूशेजारी बसलीही असती. पण माणसाला जीव देणं सोपं जातं, हसू करून घेणं नाही. आणि इथे तर जीवही दुसऱ्याचाच होता.

पुढच्या महिन्याच्या घासाला कावळा आला. लहानी म्हणाली, "बघ." शकू त्या दिवशी पोटभर जेवली. सगळ्यांचं समाधान झालं, एक प्रियांका सोडून. ती बापाशी महिनाभर कामापुरतं बोलत होती.

पावसाळ्यात कॉलेजच्या जिन्यावर तिला चक्कर आली. तेव्हा मात्र कुंडलिक कुणाला न विचारता तिला घेऊन मुंबईला गेला आणि रोशनी मॅडमसमोर बसला.

"हिचं घ्या. माझं घ्या. कुणाचंही घ्या, पण परत सुरू करा."

मॅडम चिडल्या नाहीत, आणि चिडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "करू काका. पण पुन्हा पहिल्यापासून. वर्ष लागेल."

तो बोटांवर महिने मोजत राहिला. प्रियांका जिना सावकाश चढायची, मोठ्याने हसायचंसुद्धा टाळायची. दहाव्या महिन्यात मॅडमचा व्हिडिओ आला: गुलाबी पाणी, पातळ साय, ठोके. खाली लिहिलं होतं, 'पुढच्या महिन्यात औषध घालून बघू.' प्रियांकाने बापाला दाखवला, आजीला नाही. "बाबा, माझं इंजिन बघा. टायमिंग एकदम ओके." कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी थट्टा करत होती.

त्याच आठवड्यात ती जीपमध्ये पुढे, त्याच्या शेजारी बसली होती. किन्हवलीकडच्या फाट्यावर एक डंपर न थांबता आडवा आला. कुंडलिकने करकचून ब्रेक मारला. जीप डंपरपासून हातभर अंतरावर उभी राहिली. मागच्या बाया एकमेकींवर आपटल्या, किंचाळल्या, मग सुटलो म्हणून हसायला लागल्या. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

"कुंडलिकदादा, हात आहे का काय! वाचवलंत हो!"

प्रियांकाने मान वर केली नाही.

तिच्या दहाव्याच्या सकाळी, नदीवर निघायच्या आधी, तो गोठ्यामागे गेला आणि मॅडमना फोन लावला.

"चालू आहे का ते?"

"हो काका. चालू आहे. बंद करायचं का?"

"नको. आज नको. आज चालूच ठेवा."

मॅडमना वाटलं, बापाची माया. माया नव्हती ती. वर्षभर आत जे कुरतडत होतं, त्याचा निकाल त्याला हवा होता. आज वाटी चालू असताना कावळा नाही आला, तर लहानी खरी होती, ओमकार खरंच अडकला होता, आणि आपण केलं ते बापाचं कर्तव्य होतं. तो कावळ्याने येऊ नये म्हणून हात जोडून उभा राहिला. पोटच्या पोरीच्या पिंडापुढे असलं मागणं कुणी मागितलं नसेल.

त्याच जागी पिंड ठेवला. भटजी म्हणाले, जरा बाजूला व्हा. माणसं चार पावलंही मागे सरली नव्हती, तोच करंजावरून कावळा उतरला. एक नाही, तीन. भाताचा गोळा फोडून त्यांनी तिथेच भांडण मांडलं.

"सुटली," भावकीतलं कुणीतरी म्हणालं. "पुण्यवान पोर. काही अडाकलं नव्हतं तिचं."

बायकांनी हात जोडले. कुंडलिकचे हात मात्र खाली आले.

शकू त्याच्याजवळ आली. रडून तिचा आवाज बसला होता, पण चेहऱ्यावर कसलातरी आधार सापडल्यासारखं होतं. हळूच म्हणाली, "तुमी सकाळी फोन केलात ना गोठ्यामागं? बंद करवलंत ना पोरीचं?"

तो कावळ्यांकडे बघत राहिला. एक शीत उरलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "सगळंच बंद केलं."