दांडीचं सीट

पुण्याचे पाहुणे माझ्या मुलीला बघायला येणार, म्हणून मी एका दिवसापुरती मोठ्या बाईंच्या गाडीतली सीटं बदलून घेतली. आयुष्यात मी मूर्खपणे पुष्कळ केले, पण त्यांत हा पहिल्या नंबरचा. तेव्हा मी काही परकर-पोलक्यातली पोर नव्हते. अठ्ठेचाळीस वर्षांची घोडी होते. चष्मा लागलेला, अर्धे केस पांढरे झालेले आणि ते मेंदीखाली लपवलेले. पाहुण्यांपुढे जे जे लपवण्यासारखं, ते ते लपवायचं, एवढाच मुलीच्या आईचा धर्म मला ठाऊक होता. गाडीतली दांडीची सीटं मला त्या पांढऱ्या केसांसारखी वाटायची.

मोठ्या बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मोताळ्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि त्या गावात चारचाकी चालवणारी बाईमाणूस त्या एकट्याच. उंचीने इतक्या ठेंगण्या की समोरून गाडी येताना आत कोणी दिसायचंच नाही. स्टिअरिंगच्या वर डोक्यावरचा पदर तेवढा दिसे. नवखा माणूस दचकून रस्त्याच्या कडेला व्हायचा. गावातली पोरं मात्र ओरडायची, "पदर आला रे, पदर आला!" बाई काच खाली करून त्यांना दोन शिव्या हासडत. हॉर्न त्यांनी कधी वाजवला नाही. म्हणत, "तोंड देलं हाय ना देवानं. पोंगा कायले पाह्यजे?"

गाडी घेतली होती आमच्या भासऱ्यांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी. बीटी कापूस नवा नवा आला, पहिली काही वर्षं बोंडांनी झाडं वाकली, आणि गावातल्या प्रत्येकाला वाटलं की आता असंच राहणार. पाठीवरची फवारणीची टाकी लोकांनी माळ्यावर टाकली. कोणी वर मजला चढवला, कोणी बोअर मारला. आमच्या भासऱ्यांनी अकोल्याच्या एका डॉक्टरची जुनी, पण मोठी गाडी आणली. तिची पुढची दोन्ही सीटं बटणाची. बटण दाबलं की सीट पुढे, मागे, वर, खाली. ते गुणगुणत हलायचं आणि सगळं गाव टाळ्या पिटायचं. मी एकदा त्यात बसून आठवडी बाजारात गेले होते. भाजी घ्यायची विसरले. बटणच दाबत बसले. बाजारातून मेथीऐवजी उतरलेली बॅटरी घेऊन आले.

पुढे भासऱ्यांना लकवा मारला. त्यांना दर आठवड्याला बुलढाण्याला दवाखान्यात न्यायचं, आणि ड्रायव्हर कधी येई, कधी दारू पिऊन येई. तेव्हा बाई पन्नाशीत गाडी शिकल्या. कापसाची पऱ्हाटी उपटलेल्या रिकाम्या वावरात त्या गोल गोल फिरत. मी बांधावर उभी राहून पदराआड हसत असे. "हास, हास," त्या खिडकीतून ओरडत. "तुले दवाखान्यात नेतांना म्याच नेईन, तवा पाह्यतो तुव्हं हासणं." भासरे गेले, गाडी राहिली, आणि बाईंचा हात बसला. मग गावात कोणाला साप चावला, कोणी बाळंतपणाला अडली, की लोक बाईंच्या दारात. कोणी रडत, हात जोडत सांगायला लागलं की बाई किल्ली शोधता शोधता म्हणायच्या, "बस आधी, रड मंग."

मग बोंडअळी आली. बीटीला अळी लागत नाही म्हणणारे सगळे गप्प झाले. माळ्यावरच्या टाक्या खाली आल्या. दुकानदार देईल ती दोन-तीन औषधं एकात एक कालवून लोक फवारू लागले. त्यात पऱ्हाटी पुरुषभर उंच झालेली. औषध खाली झाडावर पडायच्या ऐवजी फवारणाऱ्याच्याच तोंडावर येई. चक्कर, उलट्या, डोळ्यांपुढे अंधार. त्या हंगामात बाईंच्या गाडीचा वास गेला नाही. फिनेलने पुसलं तरी आत औषधाचा आणि ओकारीचा वास दबा धरून असायचा.

असाच एक जण नेताना बाईंनी पाहिलं की बसलेल्या माणसाची मान छातीवर पडते आणि उलटी आत जाते. त्याला आडवं करायला हवं. मागच्या सीटवर उंच माणूस मावत नाही, पाय दाराबाहेर. म्हणून पुढचं सीट पाडायला घेतलं, तर ते आपल्या चालीने गुणगुणत, इंच इंच मागे जाणार. "मानूस मरून राह्यला अन् हे भजन म्हनून राह्यलं," बाई म्हणाल्या. तो वाचला. पण दुसऱ्या दिवशी बाई मोताळ्याला युसूफभाईंच्या सीटकव्हरच्या दुकानात जाऊन बसल्या. "काढा हे दोनी. साधे दांडीचे लावा. दांडी वढली की धाडकन मागं पडलं पाह्यजे."

युसूफभाईंना ते पटेना. "भाभी, लोग बटनवाले के लिए तरसते हैं, अन् तुमी काढून राह्यल्या?"

"तरसू द्या. मले खाट पाह्यजे."

आणि खाटच झाली. डाव्या बाजूचं सीट पुढे सरकवायचं, वरची उशी उपटायची, दाराकडची दांडी ओढायची. पाठ धाडकन मागे पडून मागच्या सीटला भिडायची. आजारी माणसाला त्यावर कुशीवर निजवायचं आणि मागे बसणाऱ्याने त्याचं डोकं धरायचं. गावातल्या लहानथोरांना ही रीत पाठ झाली. डोळे मिटून करतील. बाईंची एकच अडचण झाली: बटणाचं सीट त्यांना वर उचलायचं, दांडीचं उचलेना. मग त्यांनी घरच्या कापसाची एक जाड गादी शिवली आणि ती बुडाखाली घेऊन गाडी हाकू लागल्या. काढलेली बटणाची सीटं कापसाच्या खोलीत गोणपाटाखाली गेली.

मला त्या बदलाची फार लाज वाटे. होती ती श्रीमंती काढून फेकली, असं वाटायचं. त्यातच मुलीसाठी पुण्याचं स्थळ आलं. पाहुणे रेल्वेने मलकापूरला उतरणार, तिथून त्यांना बाईंच्या गाडीतून आणायचं. मी बाईंच्या मागे लागले.

"बाई, एका दिवसासाठी जुनी सीटं लावू या. ही डागाळलेली, वास मारणारी. काय म्हणतील ते?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात शिव्या ऐकायची तयारी केली. पण त्या एवढंच म्हणाल्या, "लाव."

युसूफभाईंनी सीटं बसवली. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या होत्या, त्या त्यांनी जोडजाड केल्या. मला म्हणाले, "भाभी, वरखाली होतं. पाठ मागं जाईल याचा भरोसा नाही."

मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "बसायचंच तर आहे युसूफभाई, झोपायचं कोणाला आहे?" आणि वर हसले. स्वतःच्या विनोदावर हसायची खोड मला तेव्हापासूनची.

पाहुणे आले. बाई रेशमी लुगडं नेसून, बटणाने सीट वर करून, ताठ बसून गाडी चालवत आल्या. पदराखाली कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा दिसला. मुलाच्या आईने उतरताना म्हटलंसुद्धा, "इकडे एवढी छान गाडी असेल असं वाटलं नव्हतं हो." माझी छाती फुगली. मुलगी चहा-पोह्यांचा ट्रे घेऊन बैठकीत गेली, आणि त्याच वेळी वावरातल्या दोन बाया धावत फाटकात आल्या. रामेश्वर पडला होता.

रामेश्वर आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला. सहा फुटांचा, हसरा गडी. मला "लहानी मालकीन" म्हणायचा आणि माझ्या चहाला "गरम पानी" म्हणायचा. पाहुणे यायचे म्हणून आमचे हे घरी होते, आणि रामेश्वर एकटाच सकाळपासून उंच पऱ्हाटीत फवारत होता. त्याची बायको शोभा आणि तिच्याबरोबरच्या बायांनी त्याला बैलगाडीत टाकून रस्त्यापर्यंत आणलं होतं.

बाई बैठकीतून उठल्या. मी पाहुण्यांकडे पाहून घुटमळले. "पाहुने चहा पेतीन. चाल तू," त्या म्हणाल्या आणि निघाल्यासुद्धा. आमचे हे पाहुण्यांपाशी थांबले. रस्त्यावर सगळं नेहमीच्या रीतीने झालं. बायांनी रामेश्वरला उचलून पुढच्या डाव्या सीटवर ठेवलं, मी आणि शोभा मागे बसलो, बाईंनी गाडी काढली. कोणी कोणाला काही विचारलं नाही. हात आपोआप चालत होते. पाठ पाडायचं काम मागे बसणाऱ्याचं. रामेश्वरला ओकारी आली तशी मी मागून दाराच्या बाजूने हात घातला आणि दांडी चाचपली.

दांडी नव्हती. बोटांना बटण लागलं.

"पाड ना वं!" शोभा किंचाळली. मी बटण दाबलं. सीट गुणगुणलं, आणि मागे जाण्याऐवजी रामेश्वरला वर उचलायला लागलं. मी घाबरून दुसरं बटण दाबलं. सीट पुन्हा वरच. सहा फुटांचा माणूस, त्याचं डोकं छताला टेकलं, मान पुढे दुमडली, आणि तिथे ते सीट जे अडकलं ते अडकलंच. बुलढाण्याच्या वाटेवरच्या राजूरच्या घाटात वळणावळणाला तो इकडून तिकडे डोलत होता. मी मागून दोन्ही हातांनी त्याचं कपाळ वर धरायची, ते निसटायचं. बाईंनी घाटात गाडी थांबवली. आम्ही तिघींनी त्याला ओढून काढायचा प्रयत्न केला. सीट आणि छत यांच्यामध्ये तो असा अडकला होता की निघेना. एक ट्रक थांबला. ट्रकवाल्याने आणि त्याच्या सोबत्याने त्याला खाली घेतलं आणि रस्त्याच्या कडेला कुशीवर निजवलं. तोवर त्याच्या घशातला घर्र घर्र आवाज थांबला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, विष अंगात भिनलं होतं, आणि उलटी छातीतही गेली होती. आडवा असता तर वाचला असता का, हे मी विचारलं नाही. शोभाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." शोभाने त्यानंतर माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या दिवशी नाही, आणि ती माहेरी अमडापूरला निघून गेली त्या दिवशीही नाही.

आणि ती सोयरीक जमली. हे सांगताना माझीच जीभ मला कडू लागते, पण जमली. पाहुणे सभ्य निघाले, "तुमच्याकडे हे असं कायमच चालतं का?" एवढंच विचारून त्यांनी होकार दिला. माझी नात त्याच घरची. ती परवा मला म्हणाली, "आजी, तू सगळ्यांची फिरकी घेतेस, स्वतःचीसुद्धा. तुला कधी वाईट वाटत नाही का गं?" मी तिला चिमटा काढला आणि विषय बदलला.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी दांडीची सीटं परत बसवून घेतली. युसूफभाई एकेक नट दोनदा आवळत होते. त्या हंगामात अजून किती तरी फेऱ्या झाल्या. काही जण आपल्या पायांनी परत आले, काही नाही आले. पुढच्या वर्षी लोकांनी पुन्हा बीटीच पेरली, दुसरं बियाणं दुकानात नव्हतंच. पऱ्हाटी पुन्हा वाढली, टाक्या पुन्हा पाठीवर चढल्या. बाई पुन्हा गादी बुडाखाली घेऊन घाट चढत राहिल्या. फक्त त्यांचं खिडकीतून ओरडणं बंद झालं. पोरं "पदर आला" म्हणत, आणि गाडी मुकाट्याने निघून जाई.

मला त्या काहीच बोलल्या नाहीत. घरात कोणाला माझं नाव सांगितलं नाही. सीटं कोणी बदलायला लावली, असं आमच्या ह्यांनी विचारलं तेव्हा "आम्ही लावली" म्हणाल्या. मला ते सोसेना. त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. वर्ष होत आलं तेव्हा एका दुपारी त्या ओसरीत गादीतला दबलेला कापूस पिंजत बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसले आणि म्हणाले, "बाई, एकदा बोला मला. काय बोलायचं ते बोलून टाका."

त्यांचे हात थांबले नाहीत. कापूस पिंजता पिंजताच त्या म्हणाल्या,

"काय बोलू वं तुले? तू म्हनली तवा मले नाही म्हनता येत नव्हतं का? सारं गाव माह्या नाहीले भेते. पन मले बी वाटलं, एक दिवस तरी या गाडीत कोनी मरनारं नसावं, नुसते पाहुने असावे. मलकापूरहून येतांना ते पोराची माय मांगं बसून हासून राह्यली होती, अन् म्या मुद्दाम गाडी हळू आनली. मले लय बरं वाटत होतं वं त्या दिवशी."