हयात, मयत आणि मुकुंदवाडीचा लिंब

आमच्या खात्याचं नाव सांगत नाही. शहरात झाडं लावायची आणि ती जगली की मेली ते लिहून ठेवायचं, एवढंच आमचं काम. झाडं फारशी वाढत नाहीत. किस्से मात्र पाणी न घालता वाढतात! दुपारी डबे उघडले की एकाचा संपेपर्यंत दुसऱ्याचा सुरू होतो.

सुरुवात कुलकर्णी भाऊसाहेबांपासून. हा क्लार्क माणूस पेन्शन विभागातून बदलून आमच्याकडे आला. रोपांच्या रजिस्टरात 'जिवंत' आणि 'मृत' असे रकाने होते, ते खोडून यांनी 'हयात' आणि 'मयत' केले. हाताला सवयच तशी! पुढे 'मयताचं कारण' असाही एक रकाना आला.

आमचे जुने माळी रंगनाथमामा, लासूर स्टेशनकडचे. ते म्हणाले, "लिवा, तहान."

"असं चालत नाही. कारण वैद्यकीय पाहिजे!"

*

उस्मानपुऱ्यात पाहुण्यांच्या हस्ते रोप लावलं, फोटो झाले. आठवड्यानं बघतो तर जाळी आहे, जाळीवर पाहुण्यांच्या नावाची पाटी आहे, फक्त रोप नाही. समोरच्या दुकानदाराला विचारलं.

"झाड के पीछे अपना बोर्ड छुप जाता ना, साब!"

"अहो, वीतभर रोप होतं ते! मोठं व्हायला दहा वर्षं लागली असती."

"अपन दूर की सोचते, साब."

*

मग शहराचा हवामान आराखडा आला. शहर तापतंय, हिरवळ वाढवायची. एसी हॉलमध्ये भला मोठा नकाशा लावला, निम्मा हिरवागार. मामा चष्मा पुसून जवळ गेले.

"साहेब, एवढी झाडं कुठं हायत?"

"ती प्रस्तावित आहेत."

"मंग तवर उन्हात बसायचं कुठं?"

"प्रस्तावित सावलीत!" भाऊसाहेब मागून म्हणाले. सगळा हॉल हसला, मीही हसलो. एकटे मामा हसले नाहीत.

*

आराखड्यासाठी आधी असलेली झाडं मोजायची होती. मुकुंदवाडीचा सर्वे माझ्याकडे. मोबाइलवर फोटो काढायचा आणि दोनपैकी एक बटण दाबायचं. बटणांवर अर्थातच भाऊसाहेबांचेच शब्द!

तिथं एक लिंब होता. मामांनी लावलेला, रोज घरून कॅननं पाणी नेऊन जगवलेला. त्याच्याखाली भाजीवाल्या बायका बसायच्या. दिवस शिमग्याचे, लिंबावर एक पान नाही. मी बी.कॉम. झालेला माणूस, पानगळ कुठली आणि मरण कुठलं, मला काय कळणार? दाबलं 'मयत'.

महिन्याभरानं मामा ऑफिसात आले. हातात लिंबाची डहाळी, तांबूस कोवळ्या पानांची. ती त्यांनी भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवली.

"लिंबाला चालता येईना, म्हणून मीच आलो. घ्या त्याचा हयातीचा दाखला!"

आम्ही पोट धरून हसलो. त्या दिवशी मात्र भाऊसाहेब हसले नाहीत. दुरुस्तीचं पत्र त्यांनी लगेच, स्वतःच्या हातानं लिहिलं.

पत्र सहीसाठी टेबलाटेबलावर फिरत राहिलं. तोवर मयत झाडं काढून नवा हरित पट्टा करायचं काम निघालं आणि लिंब मशीननं आडवा केला. बायका आता छत्री उघडून बसतात. पट्टा अजून प्रस्तावितच आहे. मी त्या रस्त्यानं जात नाही, मला लाज वाटते.

*

मामा त्याच उन्हाळ्यात रिटायर झाले. भाऊसाहेबांची बदली पुन्हा पेन्शन विभागात. पेन्शन चालू राहायची तर दर नोव्हेंबरात जाऊन आपण जिवंत असल्याचं सांगावं लागतं. मामा आले, तेव्हा त्यांना घेऊन मीच भाऊसाहेबांकडे गेलो. मामा वाळले होते.

भाऊसाहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. "इथं सही करा, मामा."

"पुरावा काय लागंल?"

"पुरावा कशाला? तुम्ही माझ्यासमोर उभे आहात की!"

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"लिंब बी उभाच व्हता, भाऊसाहेब."