वारलूच्या मायची मासोळी

मांजर आडवं गेलं तरी सुगंधाबाई आधी विचारायची, कोणाच्या घरून आलं. शेजारणीने वाटीभर भाजी पाठवली तर वास घेतल्याशिवाय ती वाटी रिकामी करत नसे. दुकानदार गोड बोलला, की आज मीठ ओलं निघणार हे तिचं ठरलेलं. मासेमारांच्या ढिवर मोहल्ल्यात म्हणत, या बाईला देवाने पाठीलाही डोळे दिलेत. तिला त्याचं काही वाईट वाटत नसे. ब्रह्मपुरीच्या बाजारात मासोळी घेऊन बसणारी बाई भोळी राहिली तर तिचं टोपलंसुद्धा लोक उचलून नेतील.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला तिचा नवरा वारलू तापाने पडला. ताप उतरला, पण भूक काही परत आली नाही. एकट्याने जाळं ओढणारा गडी, आता खाटेवर पडून छपराच्या कवेलूंकडे बघत राही. डॉक्टरने सांगितलं, औषधाचं काम झालं, आता पोटात अन्न गेलं पाहिजे, नाही तर माणूस हाती लागणार नाही. सुगंधाबाईने मग सुचेल ते रांधलं. लाखोळीचे वडे केले, कोंबडा कापला, आंबाडी शिजवली. वारलू दोन शितं चिवडायचा आणि ताट सरकवून द्यायचा.

एक दिवस तोच बोलला, "मायच्या हातची भाजल्या मासोळीची भाजी असती, त गेले असते दोन घास."

सुगंधाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. ही भाजी तिने जन्मात चाखली नव्हती, पण तिचं कौतुक लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. ती या घरात आली ती सासरा गेल्यानंतर. आणि सासरा गेला त्या वर्षापासून सासूने ती भाजी रांधणंच सोडलं होतं. नवऱ्याच्या दुःखात बुढीने आवडतं रांधणं टाकलं, असं सगळे मानत आले. मग बुढीही गेली. राहिला फक्त वारलूचा सुस्कारा, मासोळी कितीही चांगली झाली तरी ताटावर बसून टाकलेला.

पण आता रागवायची वेळ नव्हती. माणूस वाळत चालला होता. तिने ताजी मरळ आणली, निखाऱ्यावर भाजली, कांद्या-लसणाचं वाटण घालून रस्सा केला. वारलूने बोट बुडवून चाखलं.

"हे नाई."

"मंग काय रायते त्यात, सांगा ना."

"मले काय मालूम? बायायचं काम ते," वारलू म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

आता सुगंधाबाईच्या मनात पहिला संशय आला तो जावेवर. कुंता, वारलूच्या थोरल्या भावाची बायको, सुगंधाबाईच्या आधी घरात आलेली आणि सासूच्या हाताखाली राहिलेली. आता एकाच आंगणात दोघींच्या वेगळ्या चुली, मधे तुरीच्या काड्यांचं कुंपण. कुंताचा नवरा कधीचा वारला, पण तोरा थोरल्या सुनेचाच.

"बाई, मायची भाजल्या मासोळीची भाजी कशी करे?" सुगंधाबाईने कुंपणावरून विचारलं.

कुंता सुपात तांदूळ पाखडत होती. "जवस वाटून टाक," ती म्हणाली.

सुगंधाबाईने जवस वाटून टाकला. वारलूने ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी कुंता म्हणाली, कैरी टाकून पाय. कैरी टाकली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, तेल टाकू नको, आणि त्याच्या पुढच्या दिवशी म्हणाली, तेलाबिगर भाजी होते काय वो कुठी?

झालं! जी बाई रोज वेगळं सांगते ती लपवून राहिली, याबद्दल सुगंधाबाईला आता शंकाच उरली नाही. दीर आजारी, आणि हिला मोठेपणा सुचतो! मी हरली की ही वाटीभर भाजी घेऊन येईल, आणि मोहल्लाभर सांगत फिरेल, की दिराला मीच उठवलं. कुंताने खरोखरच एक दिवस वाटी आणली. वारलूने तीही परत केली. पण त्यानेही सुगंधाबाईचं समाधान होईना. मुद्दाम बिघडवून आणली असेल, काय सांगावं?

शेवटी तिने कुंताला गाठून तोंडावरच विचारलं. कुंताच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुले काय वाटते, मी चोरून ठेवलं? बुढी मले जवळ उभी राहू देत नोती. ते रांधायच्या दिवशी मले गोवऱ्या आणाले धाडे. मी आली की भाजी तयार! वाटीत तरंगताना जे दिसलं ते तुले सांगून राह्यली."

जावेचं रडणं सुगंधाबाई सहजी खरं मानणारी नव्हती. पण त्यातली एक गोष्ट तिच्या मनात रुतून बसली. कोणती सासू रांधायच्या वेळी थोरल्या सुनेला बाहेर धाडते? सुनेला चुलीपाशी राबवायची संधी कोणती सासू सोडते?

तेव्हा राहिली नणंद. कमळा, वारलूची धाकटी बहीण, आलापल्लीला दिलेली. मोबाइलवर बोलणं सुगंधाबाईला मान्य नव्हतं. फोनवर माणूस काहीही सांगते, तोंड कुठी दिसते? वारलूला सांगितलं, मार्कंड्याला नवस बोलायला जाते. त्याचं खाणंपिणं नाइलाजाने कुंतावर टाकलं आणि ती गडचिरोलीच्या बसमध्ये चढली. तिथून आलापल्लीची बस. सागाचं जंगल सुरू झालं तरी तिचं डोकं घरीच होतं. कुंता त्याला काय खाऊ घालून राहिली असेल?

कमळाने वयनीला पाहताच घाबरून विचारलं, "दादा बरा आहे ना?"

"बरा कायचा! मायची मासोळी मागते." आणि पाणी प्यायच्या आतच सुगंधाबाईने विषय काढला.

कमळा हसली. तिला ती भाजी चांगली आठवत होती. वर्षातून एकदाच व्हायची, वैशाखात, तलाव उपसायच्या दिवशी. धुराचा वास यायचा तिला. माय दार लावून घ्यायची आणि लेकरं बाहेर वास घेत बसायची.

"चूल कोण पेटवे?"

"मीच. दोन काड्या पुरत."

सुगंधाबाईने भुवई उचलली. एवढ्या खटल्याची मासोळी दोन काड्यांवर शिजते?

"पावशीवर कापे कोण? ते पावशी कोण धुवे?"

कमळा विचारात पडली. "ते नाई आठवत वो."

"खवले? आंगणात खवले पडत? कावळे येत? मांजरं येत?"

कमळाने दारातून आंगणाकडे पाहिलं. "नाई वयनी," ती शेवटी म्हणाली, "त्या दिवशी कावळे नाई येत."

दुसऱ्या कुठल्या बाईला यात काही दिसलं नसतं. पण ढिवराच्या घरात मासोळी कापली आणि कावळा आला नाही, हे होतच नाही. खवला तर असा चिवट, की झाडून काढला तरी आठवडाभर पायाला चिकटतो. मासोळी त्या घरात कापलीच नव्हती. बुढी दार लावून भाजी रांधत नव्हती, फक्त गरम करत होती.

मग रांधत होतं कोण? परतीच्या बसमध्ये सुगंधाबाईने गावातल्या एकूण एक बाईवर संशय घेऊन पाहिला. सासऱ्याने कोणी ठेवली होती की काय, इथपर्यंत तिची मजल गेली. आणि मग एकदम तिच्या अंगावर काटा आला. तलाव उपसायच्या दिवशी पहिली मासोळी गावात एकाच चुलीवर रांधली जाते, आणि ती चूल बायकांची नसते.

त्यांच्या गावचा नियम असा. तलाव उपसला की पहिली मासोळी गडी माणसं पाळीवर, तलावाच्या बांधावरच भाजतात, तिथंच रांधतात, तलावाच्या मायला नैवेद्य दाखवतात आणि तिथंच संपवतात. बाईने त्या दिवशी पाळीवर चढायचं नाही. आणि त्या भाजीचा घाससुद्धा पाळीखाली उतरवायचा नाही. उतरवला तर तलाव आटतो म्हणतात. गडी हाततोंड धुऊनच खाली येतात. घराघरात भाजीची कृती शोधताना कोणाच्या मनात पाळीचं नाव आलं नाही ते याचमुळे. देवाचं खाणं घरात येईल, हे या गावात कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

घरी पोचली तेव्हा वारलू दारापुढच्या सपरीत खाटेवर बसला होता. सुगंधाबाईने पिशवी टेकवली आणि उभ्यानेच विचारलं.

"तुमच्या मायनं कधीच नाई रांधली ते भाजी. तुमच्या बानं रांधली. पाळीवर. खरं का नाई?"

वारलूचं तोंड पांढरं पडलं. त्याने आधी कुंपणापलीकडे पाहिलं.

"हळू बोल व."

मग त्याने सांगितलं. कमळा पोटात असताना मायला डोहाळे लागले होते, पाळीवरच्या भाजीचे. वास खाली येई, खायला मिळत नसे. बाने पहिल्यांदा जाळ्याच्या घडीत गडू लपवून आणला. तलाव काही आटला नाही. मग दरवर्षी आणत गेला. वारलू पाळीवर जायला लागला तेव्हा बाने त्यालाही शपथ घातली. मोहल्ल्याला कळलं असतं तर जाळं जप्त झालं असतं, तलावात पाय ठेवू दिला नसता. म्हणून माय दार लावायची आणि आपण रांधलं म्हणायची. बा गेल्यावर भाजी आणणार कोण? तिने सोडलं नव्हतं काही. तिचं ते बंद झालं होतं.

सुगंधाबाई खाली बसली. इतकी वर्षं ती ज्या हातांशी झुंजली, त्या हातांनी ही भाजी कधी ढवळलीच नव्हती. बिचारी बुढी! राग तिच्यावरून उतरला आणि फिरून वारलूवर आला.

"आणि तुमी? तुमी पाळीवर रांधत होते, दरसाल?"

"बा गेल्यापासून मीच रांधतो."

"म्हणजे तुमाले येते!"

वारलू खाटेची दोरी चाचपत बसला.

"तुमच्या बानं बायकोसाठी देवाघरची चोरी केली," सुगंधाबाई म्हणाली. तिचा आवाज आता चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "माह्या तीन बाळंतपणात मी या आंगणात बसून तोच वास घेतला. तुमी हाततोंड धुऊन येत. माह्यासाठी काऊन नाई आणली?"

वारलूने पायाकडे पाहिलं. "भेव वाटे," तो म्हणाला. "बासारखी छाती नाई माही." आणि मग, "तू कधी मागतलीच नाई."

"मागून मिळते, हे मले सांगतलं कोणी?"

सकाळी ती बाजारातून मरळ घेऊन आली आणि काही न बोलता त्याच्यापुढे ठेवली. वारलू खाटेवरून उतरला. भिंतीला धरत आंगणात आला. मासोळी त्याने न कापता अख्खी धानाच्या तणसाच्या जाळावर टाकली, साल काळी होईपर्यंत. मग गर सोडवला, काटे काढले, कैरी भाजून चुरली, जवस, लसूण आणि लाल मिरची दगडावर ठेचली. तेलाचा थेंब नाही. पाळीवर तेल न्यायचं कोणी? दोनदा थांबून त्याने दम घेतला. कुंपणापलीकडून कुंता डोळे फाडून बघत होती. पुरुष चुलीपाशी आणि सुगंधा बसलेली! सुगंधाबाईने तिलाही हाताने बोलावलं. मोहल्ल्यात बोभाटा झाला तर झाला.

वारलूने पहिली वाढ सुगंधाबाईच्या ताटात टाकली.

"तुमी खा आधी," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच त चाललं हे सगळं."

"नाई. बा बी मायलेच आधी वाढे."

तिने घास घेतला. धूर, आंबट, जाळ जिभेवर. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

"तिखट झाली काय?" वारलूने विचारलं.

"नाई," सुगंधाबाई म्हणाली. "उशीर झाला."

वारलूची मान खाली गेली. तिने त्याच ताटात भाताचा ढीग केला, भाजी ओतली आणि ताट दोघांच्या मधे सरकवलं. तो जेवायला लागला. पुढचा भात त्याने स्वतः मागून घेतला.