मागच्या सीटवरची रमी आणि म्हात्रेबाईंचा बोर्ड

रिटायर होऊन घरी बसलं की किस्से आपोआप साचतात. एक सांगायला घ्यावा तर दुसरा त्याचा हात धरून येतो. आमच्या ठाण्याच्या कंपनीतले तर इतके आहेत की मुलगा विचारतो, "आई, तू नोकरी केलीस की गप्पा मारल्यास?" दोन्ही केलं रे बाबा. गप्पा नसत्या तर नोकरीत मी होते तिथेच राहिले असते.

*

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही पंप बनवायचो. मी पर्चेसमध्ये ऑफिसर, अकरा वर्षं झालेली, आणि मनात एकच हाव: पर्चेस मॅनेजरची खुर्ची. ती वर्षभरात रिकामी होणार होती. तोवर कंपनीत एकही बाई मॅनेजर झालेली नव्हती.

डोंबिवलीहून कंपनीची बस सुटायची. पुढे आम्ही चार बायका. मागच्या लांब सीटवर पुरुष ऑफिसर, मांडीवर ब्रीफकेस आडवी, तिच्यावर रमी. कोणाची बदली, कोणाचं प्रमोशन, सगळं शिळफाटा येईपर्यंत ठरलेलं असायचं. सर्क्युलर आम्हाला गुरुवारी मिळे, त्यांचं सोमवारीच पाठ!

*

म्हटलं, आपणही मागे बसू. एका सकाळी गेले आणि सावंतांना म्हणाले, "मलाही पानं वाटा." सावंत स्टोअर्सचे, त्याच खुर्चीवर डोळा असलेले, पण माणूस सभ्य. वाटली पानं. मी पहिलाच डाव जिंकले. झालं, पत्ते ब्रीफकेसमध्ये गेले. कोणी पेपर उघडला, कोणी माझ्या मुलाचे मार्क विचारले. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी सावंत अगदी अजिजीने म्हणाले, "मॅडम, पुढे बसाल का? इथेही घरीच बसल्यासारखं वाटतं."

गेले पुढे. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

*

टेलिफोनच्या बोर्डावर म्हात्रेबाई होत्या. ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. मोठे साहेब सोडून सगळ्यांना अरे-तुरे करायच्या. माझं पडलेलं तोंड बघून म्हणाल्या, "अगो बाय, ते पत्ते खेळतात, खेळू दे. आपल्याकडं फोन हाय."

महिन्याभरात त्याचा अर्थ कळला. बेअरिंग संपलेली, दुसऱ्या दिवशी काम बंद पडणार. सावंतांनी ओळखीचे सगळे साहेब पालथे घातले. म्हात्रेबाईंनी फक्त चार फोन केले, चार कारखान्यांतल्या ऑपरेटर बायकांना. वर्षानुवर्षं एकमेकींना लाइन जोडून देता देता त्यांची घट्ट मैत्री झालेली, तोंडं मात्र कधी बघितलेली नव्हती. कल्याणची ऑपरेटर म्हणाली, "आमच्याकडे दोन पेट्या पडून आहेत. आमच्या साहेबांना देऊ जोडून?" मी बोलले, टेम्पो पाठवला, संध्याकाळी माल हजर.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "कल्याणला तुमची कोणाशी ओळख?"

"साहेब, मी तिला अजून पाहिलेलंच नाही."

*

पुढच्या रविवारी म्हात्रेबाई आणि मी पेढे घेऊन कल्याणला गेलेलो. चाळीच्या दारात एक बारीकशी बाई उभी. म्हात्रेबाई नुसतं "गो" म्हणाल्या, तेवढ्यावर तिने आवाज ओळखला आणि धावत येऊन गळ्यात पडली. मीही रडले. या बायकांनी माझ्यासाठी काय काय केलं, ते माझ्याने जन्मात फिटणार नाही.

*

मग खुर्ची रिकामी झाली. मोठ्या साहेबांच्या मनात मी होते, पण सावंतांचा रमीतला जुना दोस्त मुंबईला हेड ऑफिसात बसलेला. त्याने एक शब्द टाकला की संपलं. शुक्रवारी पाचला साहेब सही करणार होते.

सावंत सकाळी दहापासून म्हात्रेबाईंच्या मागे. "हेड ऑफिस लावा."

"लाइन बिझी हाय रं, सावंता."

दर अर्ध्या तासाने तेच. पाचला सही झाली. सोमवारी सावंत माझ्या केबिनमध्ये आले, मनापासून हात जोडले आणि म्हणाले, "अभिनंदन. शुक्रवारी मुंबईच्या लाइनी फार खराब होत्या हो."

मी त्यांना चहा सांगितला. त्याच शुक्रवारी दुपारी हेड ऑफिसशी मी स्वतः दोनदा बोललेले. दोन्ही वेळा फोन पहिल्या झटक्यात लागला होता.

म्हात्रेबाई रिटायर झाल्या तेव्हा त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. बसता बसता मी विचारलंच, "म्हात्रेबाई, त्या शुक्रवारी लाइन खरंच बिझी होती का हो?"

त्यांनी तव्यावरची तुकडी उचलून माझ्या ताटात टाकली.

"खा गो. गार पापलेटला चव नसते."