काचेवरचा बाण आणि मागं बसलेले भासरे

माझे कान गेले तेव्हा घरात सगळ्यांना वाईट वाटलं, हे मी नाकारत नाही. जाऊबाईंनी तर डोळ्याला पदर लावला. पण महिना सरला नसेल, तोच वाईट वाटणाऱ्यांची नजर माझ्या गाडीच्या चावीवर गेली. तेव्हा माझं डोकं जे फिरलं, ते अजून जागेवर आलेलं नाही.

गाडी म्हणजे जुनी व्हॅन. मागचं सीट काढलेलं, खाली पोती अंथरलेली, कारण आमचा धंदा शेळ्यांचा. वाड्यावस्त्यांवर फिरून चांगला बोकड, गाभण शेळी बघायची, आणायची, दिंद्रुडच्या आसपास विकायची. नवऱ्याला जनावराची पारख लई, पण स्टेअरिंग धरलं की त्याला घाम फुटतो. म्हणून गाडी मी शिकले आणि धंदा चालला तो त्यामुळंच. मग एका तापानं डावा कान पार नेला. उजव्यात कुणी रांजणात तोंड घालून बोलावं तसं काहीतरी येतं. कानाचं मशीन लावून व्हॅन चालवली तर इंजिनाच्या खडखडाटानं डोकं उठतं. तरी मी आरटीओत गेले, साहेबाला गाडी चालवून दाखवली, लायसन कायम ठेवलं. आतबाहेर मोठे आरसे बसवून घेतले.

अडचण उरली ती नव्या वस्तीच्या रस्त्याची. हल्ली बोकडवाले व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवतात. पण नकाशातली बाई ‘उजवीकडे वळा’ म्हणते ते मला ऐकू येत नाही, आणि मान खाली घालून मोबाईल बघायचा म्हणजे तेवढा वेळ रस्ता सोडायचा. पुण्याच्या लेकीनं यावर एक वस्तू पाठवली. रबराच्या बैठकीवर तिरकी उभी केलेली, तळहाताएवढी पारदर्शक काच. ती डॅशबोर्डवर चिकटवायची आणि मोबाईल तिच्यापुढं उताणा ठेवायचा. मोबाईलमधलं चित्र उलटं करून घेतलं की काचेत सुलटं दिसतं. हिरवा बाण, खाली गाडीचा वेग. काचेतून पलीकडचा रस्ता दिसतोच, त्यामुळं बाण बॉनेटच्या पुढं हवेत उभा असल्यासारखा वाटतो. पहिल्या दिवशी मी गावातल्या गावात तीन चकरा मारल्या, उगाच. लई बरं वाटलं.

आमच्या भासऱ्यांना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, दादांना, ते बरं वाटलं नाही. व्हॅन एकत्रात घेतलेली, त्यामुळं तिच्यावर शब्द त्यांचा. त्यांचं म्हणणं, बहिऱ्या बाईनं गाडी चालवू नये, चावी त्यांच्या मेव्हण्याकडं द्यावी. मेव्हणा गाडी चालवणार, म्हणजे कुठं जायचं ते तोच ठरवणार, उद्या बोकडही तोच ठरवणार, आणि मी घरात भाकरी थापत बसणार. वा रे न्याय. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी रस्त्यानं एवढे मोठाले भोंगे लावलेले असतात की मागून आगगाडी आली तरी त्यांना कळायचं नाही. त्यांची चावी कुणी मागितलेली मी तरी बघितली नाही.

हे सगळं मला भासऱ्यांनी सांगितलं असं समजू नका. आमच्याकडं भासऱ्यापुढं धाकट्या सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा, समोरासमोर बोलायचं नाही, शेजारी बसायचं तर नावच काढायचं नाही. आताच्या सुना हे पाळत नाहीत आणि बरंच करतात. आम्ही पाळलं. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली, दादा माझ्याशी एक शब्द थेट बोललेले नाहीत. मी समोर उभी असले तरी नवऱ्याला सांगणार, ‘तिला म्हणावं, चहा गोड झालाय.’ म्हणजे माझे कान धड होते तेव्हाही त्यांना त्यांचा काही उपयोग नव्हता. आता गेले तर त्यांना एवढी चिंता पडली.

शेवटी ठरलं की दादा एकदा सोबत येतील, गाडी कशी चालवते ते डोळ्यांनी बघतील आणि मग काय ते सांगतील. घाटनांदूरच्या पलीकडं एका वस्तीवर बोकड बघायचा होता. रस्ता मला नवा. मी काच पुसली, मोबाईल ठेवला, बाण लावला. आता बघणारा माणूस कुठं बसेल? पुढं, माझ्या शेजारी. पण धाकट्या भावजयीच्या शेजारी भासरा कसा बसणार? दादा मागं गेले आणि पोत्यावर मांडी घालून बसले. नवरा पुढं बसला.

निघाल्यावर थोड्या वेळानं आरशात दादांचं तोंड हलताना दिसलं. मला ऐकू येत नव्हतं, पण नवऱ्याचं तोंड कसनुसं झालं.

“काय म्हणतेत?” मी विचारलं.

नवरा माझ्याकडं वळून, ओठ सावकाश हलवत म्हणाला, “काचेत काईच दिसंना म्हणतेत. तू हवेत बघून गाडी हाणतीस म्हणं.”

त्या काचेचं असंच आहे. चालवणाऱ्याच्या सीटवरूनच बाण नीट दिसतो. मागून नुसती काच दिसते. मी म्हणाले, “त्यास्नी सांगा, गाडी उभी करते. माझ्या सीटवर येऊन बसा, लगेच दिसंल.”

नवऱ्यानं सांगितलं. आरशात दादांनी तोंड फिरवलेलं दिसलं. दिसत नाही ही तक्रार, आणि दिसतं तिथं बसणार नाही हा बाणा. उंटावरून शेळ्या हाकणारे बघितले होते. शेळीच्या जागी बसून गाडी हाकणारे त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

घाटनांदूर मागं टाकल्यावर बाणानं मला एकदा फसवलंही. एका पांदीत नेलं आणि पांद ज्वारीच्या रानात संपली. मी गाडी मागं घेतली आणि नीट रस्त्याला लागले. मग दुपारचं ऊन सरळ काचेवर आलं, बाण पुसट झाला. लिंबाखाली गाडी थांबवली.

मागून दादांनी नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारली. काय म्हणाले ते नवऱ्यानं जसंच्या तसं सांगितलं, “कामून थांबली रं ही?”

“दिसंना म्हणून थांबले,” मी म्हणाले. “न दिसता चालवली असती तर बरं वाटलं असतं का?”

हे नवऱ्यानं पुढं पोचवलं नाही. मी थांबलेल्या गाडीत मोबाईल हातात घेऊन पुढची वळणं बघून घेतली आणि वस्ती गाठली. बोकड देखणा निघाला, काळाभोर. सौदा झाला. परतीला तो दादांच्या शेजारी पोत्यावर उभा राहिला आणि सगळ्या रस्त्यात त्यांच्या धोतराचा सोगा चघळत होता. मला हसू येत होतं, पण मी आले ती नीट आले. कुणाला कट मारला नाही, कुणाचा कट खाल्ला नाही. घरी पोचेपर्यंत माझी खात्री होती की आता एवढं बघून माणूस काहीतरी चांगलं बोलेल. कबूल करते, मला ते हवं होतं. लई हवं होतं.

दारात गाडी लावली. नवरा गोठ्याचं फाटक उघडायला गेला. मी बोकडाला खाली उतरवलं, दोरी हातात धरली. दादा उतरले, धोतर झटकलं आणि माझ्यासमोर उभे राहिले. मध्ये सांगायला कुणी नव्हतं. त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं, मला ओठ वाचता यावेत एवढं सावकाश तोंड उघडलं आणि हात पुढं केला.

“चावी.”

एवढ्या वर्षांत हा माणूस माझ्याशी बोललेला पहिला शब्द. असा संताप आला की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तो मी परत घेतला नाही.

मी त्यांच्या पसरलेल्या हातात बोकडाची दोरी ठेवली आणि त्यांची बोटं मिटवली.

“धरा, दादा,” मी म्हणाले. “मला गाडी सावलीत लावायची हाय.”

बोकडानं हिसका दिला. दोरी सोडली असती तर तो गावभर पळाला असता. दादांनी दोन्ही हातांनी दोरी धरली, आणि मी गाडी चालू केली.